सात नंबर

मे महिन्यात शाळेने चोवीस प्लेअर परत मागितले.
काडेपेटीएवढे, करड्या पाठीचे,
पाठीवर माझ्याच हाताने चिकटवलेले आकडे.
ऑफिसातली लोरेटा म्हणाली, सगळे पुसून दे,
पुढच्या पोरांना पाटी कोरी हवी.

सप्टेंबरात ते आले तेव्हा मीच नाक मुरडलं होतं.
गाणी ऐकायचं खेळणं ते, त्यात कसली शाळा?
नेब्रास्कातलं आमचं गाव मांसाच्या कारखान्यावर जगतं,
वारा फिरला की वर्गाच्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात.
बाकांवर ग्वातेमालाची युलालिया, सोमालियाची होदान,
थायलंडच्या छावणीत जन्मलेला ए का लू,
आणि फळ्यापाशी मी, मिसेस व्होंद्रा,
जिच्या आजोबांची भाषा घरात
पावापुरती आणि शिव्यांपुरती उरली.

काम सोपं होतं.
धडा मोठ्याने वाचायचा, टिपून घ्यायचा,
मग स्वतःचाच आवाज कानात घालून
चुकीखाली पेन्सिलीने रेघ.
होदान दचकली: "ही कोण माझ्या तोंडून बोलतेय?"
युलालियाने एकाच वाक्यावर आठवडा काढला
आणि शुक्रवारी ते असं फेकलं
की मागचा बाक टाळ्या वाजवायला लागला.

ए का लू मात्र ब्र काढायचा नाही.
सात नंबर खिशात टाकून घरी न्यायचा,
सोमवारी आणायचा, बॅटरी संपलेली.
मी वहीत लिहिलं: वाचन, नाही.
तीनदा लिहिलं.

पुसण्याआधी एकदा ऐकावं म्हणून
रिकाम्या वर्गात कानांत बोंडं घातली.
नळ. भांडी. कुणाचं तरी खोकणं.
मग तो, स्वच्छ, सावकाश:
"नाईफ."
"क्‌नाईफ," एका बाईचा आवाज,
रात्रपाळीहून नुकतीच आलेली असावी.
"नाही आई. के लिहायचा. म्हणायचा नाही."
थोडा वेळ नुसता नळ.
"हं. पुन्हा."

ते "हं, पुन्हा" माझं होतं.
तीच नाकातली ओढ, कानामात्रेचा फरक नाही.
एकवीस वर्षं मी ते म्हणतेय
आणि कधी ऐकलं नव्हतं.

आठ तास जी तिच्या मुठीत असते
त्या वस्तूचं नाव तोंडात बसायला
तिला एकोणीस वेळा लागल्या. मी मोजल्या.
विसाव्या वेळी ती हसली,
आणि तिने त्याला एक शब्द दिला, त्यांच्यातला.
तो चुकला. सूर चढवायचा तिथे उतरवला, बहुतेक.
मला तर दोन्ही सारखेच लागले.
ती काहीतरी म्हणाली, दोनच अक्षरं.
भाषा मला येत नाही, पण
"हं, पुन्हा" सोडून दुसरं काय असणार?

तेवीस पुसले.
लोरेटाला सांगितलं, सात हरवला.
तिने चष्म्यावरून पाहिलं माझ्याकडे,
माझ्या फुगलेल्या खिशाकडे,
आणि फॉर्मवर लिहिलं: हरवला, सत्तर डॉलर.
माझ्या पगारातून गेले. रास्तच होतं.

वहीतले ते तीन "नाही" खोडायला बसले.
खोडरबराने पानाला भोक पडलं.

ऑगस्टात ए का लूचं बिऱ्हाड आयोवाला गेलं,
तिथल्या कारखान्यात तासाला दीड डॉलर जास्त.
प्लेअर आता चालू होत नाही, बॅटरी फुगून पाठ उचललीय.
शब्द तेवढा राहिला.
गाडी चालवताना म्हणून पाहते,
एकदा सूर चढवून, एकदा उतरवून.
त्यातला कुठला आईचा
आणि कुठली पोराची चूक,
सांगायला शेजारच्या सीटवर कुणी नसतं.